आठ सुताचा क्लच

अभिमन नानांचा जगात कोणावर विश्वास नाही, हे नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ब्रेक ऑइलची बाटली ते कानाशी धरून उघडतात. सील तुटल्याचा नीट आवाज आला तर ठीक, नाही तर बाटली आल्या पावली दुकानदाराकडे परत. डब्यावर काय छापलंय ते वाचायच्या भानगडीत ते पडत नाहीत. आतलं रबर नखानं दाबतात, ताणून बघतात आणि त्याचा वास घेतात. रबराचा वास घेऊन खरं-खोटं ओळखणारा माणूस म्हणून जळगावच्या अजिंठा रस्त्यावर त्यांची ख्याती आहे, आणि माणसाचाही तसाच वास घेत बसतो म्हणून थोडी बदनामीही आहे. समोरच्या टपरीवरचा चहा पाणचट असतो असा त्यांना गेली अकरा वर्षं संशय आहे. चहा अजून तिथूनच येतो, कारण पलीकडच्या टपरीवाल्याचा तर त्यांना मुळीच भरवसा नाही.

हा स्वभाव काही जन्माचा नाही. नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. सोळाव्या वर्षी धुळ्यात एका उस्तादाच्या हाताखाली ब्रेकचं काम शिकायला लागले, देवपुरात दोघातिघांत एक खोली घेऊन राहायचे. एकदा वऱ्हाडाच्या जीपला नवा ब्रेक पाइप घालायचा होता. नट आवळला का, असं त्यांनी जोडीदाराला विचारलं. तो हो म्हणाला आणि नानांनी मान डोलावली. गावाच्या वेशीजवळ जीप थांबलीच नाही, ती उभ्या बैलगाडीत शिरली. कोणी दगावलं नाही, पण वरमाईची मांडी मोडली आणि तिनं मुलाचं लग्न खाटेवर पडून पाहिलं. नाना तिला भेटायला गेले तेव्हा तिनं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही, उलट जवळ बसवून हातात लाडू ठेवला. ती रागावली असती तर नानांना बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून ‘झालं’ हा शब्द ते कोणाच्या तोंडून ऐकून घेत नाहीत, स्वतः बोट लावून बघतात.

लग्न होऊन ते जळगावला आले ते इंदिराबाईंच्या माहेरामुळे. मेहरूणला त्यांचं घर आहे. आपल्या वरातीच्या गाडीखालीसुद्धा हा माणूस आधी वाकून आला आणि मग बोहल्यावर चढला, असं इंदिराबाई आल्यागेल्याला सांगतात. नव्या पँटीवरचा ऑइलचा डाग लग्नाच्या फोटोत स्पष्ट दिसतो.

नानांच्या दुकानात डाव्या भिंतीशी एक विचित्र वस्तू आहे. जुन्या ट्रकचं सीट जमिनीवर ठोकलेलं, आणि त्याच्यासमोर पाय पोचेल इतक्या अंतरावर, लाकडी चौकटीत तिरपा बसवलेला वजनकाटा. दवाखान्यात ज्यावर उभं राहतात तसलाच. ज्याची गाडी असेल त्यानं सीटवर बसायचं आणि काट्यावर आधी डावा, मग उजवा पाय दाबायचा. किती किलो जोर पडला ते नाना खडूनं भिंतीवर लिहितात आणि त्यावरून मास्टर सिलिंडर निवडतात. पेडलच्या मागे बसणारं हे सिलिंडर म्हणजे एक पिचकारीच असते. बारीक पिचकारी हलक्या हातानं दबते पण लांबवर दाबावी लागते. जाड पिचकारी बोटभर सरकवली तरी पुरते, पण तिला जोर लागतो. नाना ही जाडी सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. पाच सुताचा क्लच कोणालाही दाबता येतो, आठ सुताला पैलवानाची मांडी हवी. बहुतेक गिऱ्हाइकांना हे सगळं ऐकायचं नसतं, त्यांना मोठ्या कंपनीचं नाव हवं असतं. नाना म्हणतात, कंपनी काही तुमच्या गाडीत बसून पेडल दाबायला येत नाही.

गेल्या पोळ्यानंतर आठवड्यानं हेमराज आला. रावेरकडचा केळीवाला, चाळिशीला टेकलेला, अंगापिंडानं उंच. ट्रेलरवर घालून त्यानं एक जुनी फोर-व्हील जीप आणली होती. जुनं इंजिन निकामी झालं म्हणून तिला दुसऱ्या गॅरेजात पिकअपचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला होता, उंच टायर घातले होते, पुढे डिस्क ब्रेक लावले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं वरचं शेत आहे. तिथे जायला एकच नाला तीनदा ओलांडावा लागतो आणि मग दगडगोट्यांचा उभा चढ आहे. जुना क्लच लोखंडी सळीवर चालायचा, तो नव्या गिअरबॉक्सला जुळेना. म्हणून क्लच आणि ब्रेक दोन्हींचं ऑइलवर चालणारं काम नव्यानं करायचं होतं.

हेमराज यादी घेऊनच आला होता. क्लच आठ सुताचा, ब्रेकही आठ सुताचा, आणि बूस्टर नको. बूस्टर म्हणजे ब्रेक दाबताना इंजिनाच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा. तो नको म्हणणारा माणूस नानांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. पेडल हलकं करून द्या म्हणून लोक हाता-पाया पडतात, जड करून द्या म्हणत कोणी आलेलं नव्हतं. नानांनी कारण विचारलं. डोंगरातल्या गाडीला जड पेडलच चांगलं असतं, असं आपण व्हिडिओत बघितल्याचं हेमराजनं सांगितलं, आणि हे सांगताना तो नानांकडे न बघता टायरकडे बघत होता. शिवाय मजुरीत त्यानं एका रुपयाची घासाघीस केली नाही. रावेरकडचा केळीवाला आणि घासाघीस नाही, म्हटल्यावर नानांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी त्याला काट्यासमोर बसवलं. डावा अठ्ठेचाळीस किलो, उजवा पंचावन्न. आकडे उत्तम होते. हेमराज निघून गेला आणि नाना जीपमध्ये चढून बसले, ते चहा थंड झाला तरी उतरेनात.

पहिली गोष्ट, सीट पार पुढे ओढून पक्कं केलेलं होतं. हेमराज तिथे बसला असता तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले असते. सीटवर पाठीमागे एक घडी घातलेली गोधडी होती, म्हणजे चालवणारा बुटका. पुढचा बंपर एका बाजूनं आत गेला होता आणि त्याला भिंतीचा चुना लागलेला होता. आणि सीटच्या खालच्या पाइपला धोतराच्या काठाची एक पट्टी बांधलेली होती, तिला पुढे मोठा फास, आणि हाताच्या मळानं ती काळी पडलेली. नानांनी बराच वेळ ती उलटसुलट करून पाहिली. मग आपला डावा पाय त्या फासात घातला आणि पट्टी हातानं वर ओढली. पाय आपोआप उचलला जाऊन क्लचवर आला.

म्हणजे ही गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय त्याच्या ताब्यात नव्हता. नानांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचे कागद काढले. गाडी जीवराम तोताराम यांच्या नावावर होती, आणि वहीत गिऱ्हाइकानं स्वतःचं नाव लिहिलं होतं, हेमराज जीवराम.

नाना खाली उतरले आणि त्यांनी रॉकेलनं हात धुतले. बापाचा पाय अधू, मुलगा म्हणतो क्लच जड करा, ब्रेकही जड करा, आणि वरच्या शेताला उभा उतार. डोंगराच्या पायथ्याची बागायती जमीन. एवढं सगळं एका ओळीत मांडल्यावर पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी बाजारातल्या हस्तीमलना फोन लावला. मारवाडातून आलेल्या घराण्याचं हे पार्टचं दुकान तीन पिढ्यांचं, आणि नाना त्यांच्याशी रोज भांडतात म्हणजे त्यातल्या त्यात त्यांच्यावर विश्वास ठेवतात. हेमराज आधी आपल्याकडेच आला होता, हे हस्तीमलनी कबूल केलं. सगळ्यात कडक सिलिंडर कोणतं, असं त्यानं तीनदा विचारलं होतं. पाय लावला तरी हलता कामा नये असं हवं, हे त्याचेच शब्द. आपण काय करणार, आपलं काम विकायचं, असंही हस्तीमलनी वर जोडलं.

घरी जेवताना नानांनी हे इंदिराबाईंना सांगितलं. त्यांनी आधी हसून घेतलं. तुमचा पाना चोरला म्हणून माझ्या सख्ख्या भावाला तुम्ही दोन वर्षं दारात उभं केलं नाही आणि पाना निघाला तुमच्याच गादीखाली, याची त्यांनी आठवण करून दिली. पण पोळपाटावरचा हात मात्र त्यांनी थांबवला. विचारा त्याला तोंडावर, त्या म्हणाल्या, बापाच्या जिवाचा प्रश्न आहे, संशय खोटा निघाला तर तुमचं काय जातंय, तुमचे खोटे निघायची आम्हाला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी नानांनी हेमराजला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तेव्हा ती पट्टी बाकावर ठेवलेली होती. नाना रागावले की त्यांच्या तोंडून धुळ्याकडची अहिराणी बाहेर येते.

“गाडी कोन चालावस? त्याना पाय लई ये, त्याशिवाय मी एक नट लावनार नही,” ते म्हणाले. ज्याचा पाय त्या पट्टीत जातो त्यालाच घेऊन ये, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि हेमराज पट्टीकडेच बघतोय असं दिसल्यावर त्यांनी सरळच विचारलं, “बापले माराना इचार शे का तुना?”

हेमराज त्या बाकावर, पट्टीच्या शेजारी, मटकन बसला. पट्टी उचलून त्यानं मांडीवर घेतली. मग त्यानं सांगितलं ते असं. दीड वर्षापूर्वी त्याच्या वडलांना, आबांना, लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली ती बरीचशी परत आली. काठी घेऊन चालतात, जेवतात, मळ्यातल्या माणसांवर ओरडतात. पण गाडी सोडत नाहीत. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, तर डॉक्टरचं वय काय आणि माझं वय काय, असं आबांनी त्यालाच विचारलं. उन्हाळ्यात त्यांचा पाय क्लचवर वेळेवर पोचला नाही आणि जीप केळी भरायच्या शेडच्या भिंतीत घुसली. भिकुबाई नावाची मजूर बाई त्या भिंतीला टेकून भाकरी खात बसली होती. ती पाणी प्यायला उठली आणि मिनिटभरात तिच्या जेवणाच्या डब्याचा पत्रा झाला. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. आबा मात्र ब्रेक खराब होता म्हणतात. किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असते, रात्रीसुद्धा.

“नाना, आबाले नाही म्हनाची आमच्या घरात कोनाची हिंमत नाही,” हेमराज म्हणाला. “म्हटलं, आपल्यानं होत नाही त पेडल म्हनीन नाही.”

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते एकदम खवळले. क्लच जड केला तर गिअर पडणार नाही, गाडी जागची हलणार नाही, इथवर ठीक आहे. पण ब्रेक जड करून काय मिळवणार होतास, असं त्यांनी विचारलं. उतारावर उभी असलेली गाडी आबांनी नुसती सोडली असती तरी ती थेट नाल्यात गेली असती, आणि मग काठी टेकत कोण गेलं असतं तिला थांबवायला? हेमराज दचकला. दोन्ही पेडलं आपण एकाच मापानं मोजली, हे आपल्या लक्षातच आलं नाही, असं तो म्हणाला. तो रडला. चाळिशीचा उंचापुरा माणूस गिऱ्हाइकांसमोर रडला.

आता कोणीही दुसरा विरघळला असता. पण रडणाऱ्या माणसावर नानांचा दुप्पट संशय असतो. एकदा एकानं अस्संच रडून त्यांच्याकडून गिअरबॉक्स उधार नेला होता. हेमराज खरं बोलत असेल, नसेलही. नाल्याचं नाव काढल्यावर तो दचकला तो चूक कळून दचकला की बेत उघडा पडला म्हणून, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. नानांनी त्याला चार दिवसांनी ये म्हणून वाटेला लावलं आणि गाडीच्या कागदांवर मागच्या बाजूला लिहिलेला आबांचा नंबर फिरवला.

आबा तिसऱ्या दिवशी एसटीनं आले. एकटेच. बँकेत जातो म्हणून घरी सांगून. बुटके, धोतर-टोपी, अंगावर परीटघडीचा सदरा, हातात काठी. रस्ता ओलांडताना ते ट्रकवाल्यांना काठीनं थांबवत होते आणि ट्रकवाले थांबत होते. दुकानात येताच त्यांनी आधी आपल्या जीपभोवती एक फेरी मारली, मग नानांकडे नजर लावून, मिस्तरी कोणत्या गावचा, कोणाचा, हे सगळं विचारून घेतलं. बघता बघता नानांच्या ध्यानात आलं की हा माणूसही आपलाच वास घेतोय.

नानांनी एवढंच सांगितलं की पेडल बसवायचं तर पायाचं माप लागतं. आबा सीटवर बसले. उजवा पाय त्यांनी काट्यावर असा रोवला की काटा एकेचाळीसवर गेला. नानांनी मनात म्हटलं, म्हातारा आपल्यालाही ऐकणार नाही. मग आबांनी आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवला.

“दाबा आबा,” नाना म्हणाले.

“दाबला.”

काटा चारवर होता. चार किलो म्हणजे नुसतं पावलाचं वजन. नानांना वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय. त्यांनी पुन्हा सांगितलं.

“दाबला म्हनतो ना मी,” आबा म्हणाले. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, दात एकमेकांवर बसले होते, सगळा देह दाबत होता आणि पायाला त्याची खबरच नव्हती. मग त्यांनी पुढे वाकून स्वतः काटा पाहिला.

“तुहा काटा खोटा हाये,” ते म्हणाले.

नानांनी शेजारून आपला पाय ठेवला. सदतीस. पाय काढला, काटा शून्यावर आला. आबांनी पुन्हा दाबला. या वेळी बऱ्याच उशिरानं, दुसऱ्याच कोणीतरी दाबल्यासारखा, काटा सहावर गेला आणि परत आला. नाना खडू घेऊन उभे होते. आबांनी भिंतीवरची नावं आणि आकडे वाचले, कितीतरी गावांची माणसं तिथे होती.

“माहा आकडा लिहू नको,” ते म्हणाले.

नानांनी खडू खिशात टाकला. पाच सुताचं सिलिंडर, लांब पेडल आणि मदतीला एक स्प्रिंग, असं सगळं जुळवलं तर क्लच नऊ-दहा किलोवर आणता आला असता. हे त्यांनी रात्रीच मनात बसवून ठेवलं होतं. मुलगा खोटा निघाला तर म्हाताऱ्याला असा हलका क्लच करून द्यायचा की मुलानं बघत राहावं. पण सहा किलोला, तेही उशिरा येणाऱ्या सहा किलोला, कुठल्याही दुकानात सिलिंडर मिळत नाही. नानांना वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही आला.

पोरानं तुला काय सांगितलंय, असं आबांनी विचारलं. नाना इकडेतिकडे बघायला लागले. आबा हसले. पोरगा गोठ्यात जाऊन फोनवर बोलला होता, जड पाहिजे, जड पाहिजे म्हणून. म्हशींच्या पलीकडे बाप धार काढणाऱ्या गड्याशी बोलत उभा आहे हे त्याला दिसलं नव्हतं. मग किल्ली सरळ देऊन का टाकत नाही, असं नानांनी विचारलं. आबांनी त्याला सावकाश उत्तर दिलं. किल्ली मागून घेतली असं एकदा झालं की मग उद्या बँकेची सही, परवा बाजाराचा व्यवहार, आणि चौथ्या दिवशी ओट्यावर ताट आणून देतात. आणि दुसरं असं की पोरगा मऊ आहे. बापाच्या हातातून आपण किल्ली काढून घेतली, हे त्याला जन्मभर पुरेल. त्यापेक्षा गाडीच बिघडलेली बरी.

“तो म्हनतो तसंच कर,” आबा म्हणाले. “क्लच जड कर. मी अठी आलतो हे त्याले सांगू नको. गाडी घ्याले येईन तवा मी तुलेच शिव्या देईन, ऐकून घेजो. अन् ब्रेक मात्र चांगला कर. पोरगं चालवीन.”

ते एसटीला गेले. नाना त्या दिवशी दुसऱ्या कामाला लागले नाहीत. बाप मुलाला फसवतोय, मुलगा बापाला फसवतोय, दोघंही एकच गोष्ट मागतायत आणि दोघांनीही दुसऱ्याला सांगू नको म्हटलंय. यात आपलं कोणी काही लुबाडलेलं नाही, तरी आपण फसल्यासारखं का वाटतंय, हे त्यांना उमगेना. मग त्यांनी काम केलं, आणि असं केलं की त्यात बोट घालायला जागा ठेवली नाही. ब्रेकला सात सुताचं दुहेरी सिलिंडर घेतलं, एक लाइन फुटली तरी दुसरी धरेल असं. वर बूस्टर बसवला. क्लचच्या ऑइलचा डबा वेगळा ठेवला, म्हणजे तिकडे गळती झाली तरी ब्रेक कोरडा पडायला नको. हे सगळं हेमराजच्या पंचावन्न किलोच्या पायासाठी. आणि क्लचला आठ सुताचं. किल्ली नव्हती म्हणून वायर जोडून त्यांनी गाडी चालू केली आणि मेहरूणच्या तलावाकडच्या उतारावर तीनदा नेली. ब्रेक दाबला की गाडी जिथे हवी तिथे उभी राहत होती. क्लच दाबून दाबून मात्र नानांचीच मांडी भरून आली.

गाडी न्यायला बाप-लेक बरोबर आले. आबांनी नानांना ओळख दाखवली नाही, मिस्तरी कोण म्हणून हेमराजलाच विचारलं. नानांनीही पहिल्यांदाच भेटल्यासारखा नमस्कार केला. आबा जीपमध्ये चढले. हेमराज खांबाशी उभा राहून आपल्या चपलांकडे बघत होता. आता म्हातारा थोडं नाटक करील आणि उतरेल, असं नानांना वाटलं. वायर बघायच्या निमित्तानं ते दारातून पेडलांपाशी वाकले.

आबांचा पाय क्लचवर होता. बोटं रबरावर आवळून पांढरी झाली होती आणि धोतराखाली पोटरी थरथरत होती. बाहेरून कोणाला पाय दिसत नव्हता. नाटकच करायचं तर नुसता ठेवला असता तरी चाललं असतं. आबा खरंच दाबत होते. कोणी बघत नाही अशा ठिकाणी, जीव खाऊन दाबत होते. पेडल सूतभरही हललं नाही.

नाना वर उठले आणि तेवढ्यात आबांनी तोंड सोडलं. असला मिस्तरी आपण जन्मात पाहिला नाही, हाताला चाळीस वर्षांची किंमत सांगतो आणि एक क्लच धड करता येत नाही, कोणी शिकवलं याला, आपल्या चांगल्या गाडीची यानं वाट लावली. टपरीवाला बाहेर आला, ट्रकचे ड्रायव्हर जमले, पलीकडच्या गॅरेजातले दोघं हसू लपवत कडेला उभे राहिले. आबांचा आवाज चढत गेला. त्यात ठरलेलं किती आणि मनातलं किती, हे नानांना कळेना. हेमराज मध्ये बोलायला पुढे झाला, त्याच्या डोळ्यांत नानांची माफी होती. नानांनी त्याला हातानं अडवलं.

“चुकी मनी शे, आबा,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

आबा बोलता बोलता थांबले. नानांकडे पाहत राहिले. मग खाली उतरले आणि एका हातानं करदोट्याची गाठ सोडायला लागले. डावा हात मदतीला येईना, गाठ सुटेना. हेमराजनं हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी नानांनी ऑइलच्या बोटांनीच ती गाठ सोडवली. आबांनी किल्ली मुलाच्या हातात दिली.

“दुरुस्त होयपर्यंत तू चालव,” ते म्हणाले, आणि वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

पुढे त्या गावाकडच्या दोन जीपा नानांकडे यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. अभिमनचा हात गेला, असं रावेरकडे बोलतात, हे हस्तीमलनी सांगितलं. दुकानाशेजारच्यांनी ते आनंदानं पुढे पसरवलं. इंदिराबाईंनी विचारलं, चूक नेमकी काय झाली. क्लच जड झाला, नाना म्हणाले, आणि भाकरी मागितली.

आबांचा फोन मात्र येतो. महिन्यातून एकदा, बहुतेक जेवणाच्या वेळेला. मागे भांड्यांचा आवाज असतो, नातवंडं असतात. काय मिस्तरी, माझ्या क्लचचा पार्ट आला का, असं आबा खडसावून विचारतात. नाना सांगतात, कंपनीतून येत नाही. आबा एक शिवी हासडतात, कसल्या कंपन्या आणि कसले मिस्तरी म्हणतात, आणि ठेवून देतात. नानांनाही आता त्या शिवीची सवय झाली आहे. फोन उशिरा आला तर ते चुळबुळ करतात.

गेल्या महिन्यात फोन दुपारी आला. मागे कसलाच आवाज नव्हता. नानांनी कान देऊन ऐकलं, घरात दुसरं कोणी असल्याची चाहूल लागेना. आबांनी शिवी दिली नाही. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “अभिमन, तो पार्ट खरंच भेटत नाही का?”

नानांनी काट्यासमोरच्या रिकाम्या सीटकडे पाठ केली.

“नही भेटत, आबा,” ते म्हणाले.